तीन मिनिटांची सरोज

जबलपूरला आमच्या गल्लीत टेलिफोन एकट्या आमच्याकडे होता, आणि त्यामुळे माझ्या तरुणपणाचा बराचसा काळ दुसऱ्यांना हाका मारण्यात गेला. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. खात्याने दिलेले ते काळे, वजनदार यंत्र बाहेरच्या खोलीत एका तिपाईवर असे आणि त्याच्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल असे. शेजारच्या सात-आठ घरांनी आपल्या नातेवाइकांना, कचेऱ्यांना, सोयरिकीच्या मंडळींना आमचाच नंबर देऊन ठेवला होता. नंबरापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे लिहीत. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, ते बोलावून देतील. हे बोलावून देण्याचे काम माझ्याकडे होते. घंटी वाजली की रिसीव्हर उचलायचा, कोण हवे आहे ते ऐकायचे, ‘होल्ड कीजिए’ म्हणून तो तिपाईवर आडवा ठेवायचा आणि अनवाणी धावायचे. परगावचा ट्रंक कॉल असला की जीव टांगणीला लागे. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. पलीकडच्या तिवारींची आजी जिना उतरून येईपर्यंत त्यातली दोन मिनिटे संपत, आणि उरलेल्या मिनिटात ती ‘कौन? कौन बोल रहा?’ एवढेच विचारून घेई. मग लाइन कापली जाई आणि आजी माझ्याकडे असे पाही, की जणू मीच ती कापली.

मी स्वभावाने अतिशय भिडस्त होते. आजही आहे, पण आता वयामुळे लोक त्याला शालीनता म्हणतात. मराठी शाळेत शिकल्यामुळे इंग्रजीची अक्षरओळख सहावीत झाली, आणि उशिरा सुरुवात केलेल्या माणसाला असते ती धास्ती मला कायमची लागली: वाक्य मनात संपूर्ण बांधून झाल्याखेरीज तोंड उघडायचे नाही. व्याकरण मला चांगले येत असे, परीक्षेत उत्तम गुण मिळत. पण समोर कुणी इंग्रजीत बोलू लागले, की बांधकाम सुरू होई आणि ते पूर्ण होईपर्यंत समोरचा निघून गेलेला असे. बाबांना याची खंत वाटे. त्यांना स्वतःला इंग्रजी शिकवले होते एक्स्चेंजमधल्या मिसेस गिल्बर्ट यांनी. त्या जुन्या अँग्लो-इंडियन सुपरवायझर होत्या आणि बाबांच्या तोंडी त्यांचे नाव कुलदैवतासारखे येई. “लायनीवर चेहरा दिसत नाही,” त्यांचे वाक्य बाबा मराठीत सांगत, “म्हणून आपण कोण ते पहिल्या वाक्यात स्वच्छ सांगावं.” कुणी तुमचे नाव घेऊन विचारले, की उत्तर द्यायचे, ‘धिस इज शी.’ ‘हर’ नव्हे, कदापि नव्हे. ‘इज’च्या अलीकडे आणि पलीकडे एकच माणूस उभा असतो, त्याला दोन्हीकडे सारखाच मान द्यायचा, अशी बाबांची उपपत्ती होती.

याची उजळणी रोज संध्याकाळी चाले. बाबा स्वयंपाकघरात येत, आईच्या हातातले लाटणे काढून घेत, ते कानाला लावत आणि एक्स्चेंजच्या आवाजात विचारत, “हॅलो, मे आय स्पीक टू मिस विजया?”

“धिस इज शी,” मी भाजी चिरता चिरता म्हणे.

“काहून ते लाटणं पळवून राहिले तुम्ही?” आई चिडे. ती अमरावतीची, लग्नानंतर इतकी वर्षे जबलपूरला काढूनही तिने आपली बोली सोडली नव्हती. “पोळी करपून राहिली इकडे. तुमची शी आणि ही बाहेर नेऊन करा नं!”

“अरे, दोन मिनिटं. लाइन चालू आहे,” बाबा लाटण्याच्या टोकावर तळहात ठेवून म्हणत, आणि पुन्हा कानाला लावत. “अच्छा, इज दॅट मिस विजया स्पीकिंग?”

“येस, धिस इज शी.”

हे महिनोन्‌महिने चालले. शेवटी ते उत्तर डोक्यातून येईनासे झाले. ते थेट ओठांवर राहू लागले. मागच्याच महिन्यात बँकेतून एका मुलीचा फोन आला. तिने इंग्रजीत माझे नाव घेऊन ‘यांच्याशीच बोलते आहे का’ असे विचारले आणि मी सवयीने ‘धिस इज शी’ म्हणाले. ती जरा थांबली आणि म्हणाली, “ठीक है मैडम, तो ज़रा उनको फ़ोन दे दीजिए.” मी काही क्षण रिसीव्हर कुणाला द्यावा याचा खरोखरच विचार केला.

आता सरोजदीदीबद्दल. गल्लीच्या पलीकडे दुबेंचे घर होते. वडील नव्हते, घर मोठ्या भावाच्या पगारावर चाले. सरोजदीदी माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गणितात एम. एस्‌सी. झालेली, उंच, कडक वेणी घालणारी, आणि बोलण्यात सडेतोड. म्हणजे हिंदीत सडेतोड. इंग्रजीत तिची माझ्याहून वाईट गत होती, पण तिला त्याची लाज वाटत नसे. मॅट्रिकच्या वर्षी सहामाहीत मी भूमितीत नापास झाले. घरी हे कुणाला ठाऊक नव्हते. सहामाहीचा निकाल दाखवण्याची सक्ती नव्हती, आणि मी दाखवला नाही. कळले ते फक्त सरोजदीदीला, कारण त्या संध्याकाळी मी त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे रडत बसले होते आणि ती वाळलेले कपडे काढायला आली होती. तिने पेपर पाहिला. दुसऱ्या दिवशी सुतळी आणि खडू घेऊन आली आणि गच्चीवर एक मोठे वर्तुळ काढले. वर्तुळाच्या रेघेवर एका बाजूला दोन विटा ठेवल्या. मला मध्यबिंदूवर उभे केले आणि म्हणाली, “पहले ये ईंट देख, अब वो देख. गर्दन कितनी घूमी?” मग समोरच्या बाजूला, रेघेवर नेऊन उभे केले. “अब यहाँ से दोनों देख. अब कितनी घूमी?” अर्धीच. मी परत मध्यावर गेले, परत काठावर आले. चार-पाच फेऱ्या झाल्यावर जे प्रमेय मला पुस्तकाच्या पानावर वर्षभर कळले नव्हते, ते मानेला कळले. त्या गच्चीवर मी हिवाळाभर भूमिती चालत शिकले.

ज्या हिवाळ्याबद्दल हे प्रकरण आहे, तो त्यानंतरचा चौथा. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. हिवाळ्यात जबलपूरला मटाराचा पूर येतो; बाबांच्या हाताखालचे एक गृहस्थ मझौलीचे होते, ते दर आठवड्याला आमच्याकडे पोते टाकून जात. घरात सकाळ-संध्याकाळ शेंगा सोलण्याचा बारीक टक्‌टक्‌ आवाज चाले. मटाराची उसळ, मटारभात, मटाराच्या करंज्या, आणि कंटाळा आला की आई तिखटजाळ रश्श्यातल्या बेसनाच्या पातोड्या करी. सरोजदीदी सोलायला येई आणि निम्मे दाणे खाऊन टाकी. त्या हिवाळ्यात मात्र ती खात नव्हती. तिच्या भावाने सागर शहरातले एक स्थळ पक्के करत आणले होते. त्यांच्यात खरमासात, म्हणजे संक्रांतीआधीच्या महिन्यात, शुभकार्य करत नाहीत. तेवढाच तिला अवधी होता. तिने भावाकडून कबूल करून घेतले होते, “संक्रांति तक नौकरी की चिट्ठी आ गई तो जाऊँगी. नहीं आई तो जहाँ बोलोगे बैठ जाऊँगी.” तिने पाच ठिकाणी अर्ज केले होते. चार ठिकाणांहून नकार आला होता. पाचवी होती दूरच्या एका गावातली मुलींची निवासी शाळा, जिथल्या गणिताच्या बाई वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या होत्या. त्या अर्जावर आमचा नंबर होता.

संक्रांतीला सहा दिवस उरले होते. दुपारची वेळ, बाबा ड्यूटीवर, आई दुबेंच्या मातोश्रींकडे वड्या घालायला गेलेली. मी एकटी घरात होते. घंटी वाजली, लांबलचक, ट्रंक कॉलची. ऑपरेटर म्हणाली, “जबलपुर? बात कीजिए.” आणि पाठोपाठ एक खर्जातला, अतिशय सुस्पष्ट बायकी आवाज इंग्रजीत विचारू लागला, की आपण मिस सरोज दुबेच बोलत आहात का.

“येस,” मी म्हणाले, “धिस इज शी.”

मी नाव ऐकले नव्हते असे नाही. नाव मी नीट ऐकले होते. पण प्रश्नाची चाल ओळखीची होती, आणि त्या चालीला माझ्या ओठांजवळ एकच उत्तर होते. ते मला न विचारता निघून गेले. मी ताबडतोब दुरुस्ती करायला हवी होती. करणारही होते. परंतु बाबांनी, आणि त्याआधी मिसेस गिल्बर्टनी, फक्त आपण ‘ती’ असल्यावर काय म्हणायचे ते शिकवले होते. नसल्यावर काय, याची उजळणी कधी झाली नव्हती. मी मनात वाक्य बांधायला घेतले: क्षमा करा, मी ती नाही. ‘आय ॲम नॉट शी’ की ‘हर’? नियमाने ‘शी’च, पण ते असे एकटे उभे केले की किती विचित्र दिसते, कुणी असे म्हणते का, आधी ‘सॉरी मॅडम’ घ्यावे की नंतर... तोवर पलीकडच्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, पुढच्या प्रश्नावर पोहोचल्या होत्या. पूर्वी कधी शिकवले आहे का?

पुष्कळ वर्षे मी या जागी व्याकरणाला दोष देत आले. आता लिहायला बसले आहे तर खरे लिहायला हवे. त्या प्रश्नानंतर मला थांबता आले असते, आणि मी थांबले नाही. कारण एक विलक्षण गोष्ट घडली होती: मला भीती वाटत नव्हती. बोलणारी मी नव्हतेच, सरोज दुबे होती. आणि सरोज दुबे चुकांना भीत नसे. मी म्हणाले, होय, शिकवले आहे, आमच्या गल्लीतल्या एका मुलीला. ती भूमितीत नापास झाली होती. आणि मी वर्तुळाची, दोन विटांची, मान वळवण्याची हकिगत सांगितली, सलग, एकही वाक्य आधी न बांधता. मग त्यांनी विचारले, पुढच्या गुरुवारपर्यंत रुजू होता येईल का? “येस, मॅडम,” मी म्हणाले. ऑपरेटरने तीन मिनिटे झाल्याचे सांगितले आणि लाइन बंद झाली.

मी रिसीव्हर ठेवला आणि रुमाल नीट केला. मग परत काढला आणि परत घातला. गुरुवार! कुणाचा गुरुवार मी देऊन बसले होते?

सरोजदीदीला सांगितले ते एवढेच, की फोन आला होता, नोकरी मिळाली, गुरुवारी बोलावले आहे. “मुझे आवाज़ क्यों नहीं दी?” तिने विचारले. मी म्हणाले, लाइन फार खराब होती, कापली जाणार होती. आयुष्यात इतके सफाईदार खोटे मी तोवर बोलले नव्हते. तिने मला उचलून गरकन फिरवले. तिच्या आईचा विश्वासच बसेना, “हओ बिटिया? सच्ची?” असे त्या मला दहादा विचारत होत्या आणि दहादा मी मान हलवत होते. भाऊ वचनाचा पक्का निघाला. संध्याकाळी तोच ओमती भागात जाऊन खव्याच्या जिलब्या घेऊन आला. त्या काळ्याभोर, पाकात निथळणाऱ्या जिलब्या मला एरवी प्राणप्रिय. त्या दिवशी घास तोंडात फिरत राहिला.

पुढचे दोन दिवस मी घरात एका जागी बसले नाही. शेंगा सोलायला घ्यायचे, चार सोलून उठायचे, अंगणात जायचे, परत यायचे. आई म्हणाली, “काय झालं वो तुले? कोंबडीवानी हिंडून राहिली नुसती.” तिकडे सरोजदीदीची बांधाबांध चालली होती, आणि ती मधूनच येऊन विचारी, “विजू, एक बात समझ में नहीं आ रही. अंग्रेज़ी का स्कूल है, मुझे सुना तक नहीं और रख लिया? मैं तो डर रही थी कि फ़ोन पे अंग्रेज़ी बुलवाएँगे. बुलवाते तो मैं गई थी!” आणि ती मोकळेपणाने हसे. मी कल्पनेत तिला त्या शाळेच्या दारात उभी पाहत असे. आतून तो खर्जातला आवाज येई, सरोजदीदी उत्तर देई, आणि आवाज विचारी, की हिचा आवाज असा कसा?

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्याच गच्चीवर, ती सतरंजी झटकत असताना, मी सगळे सांगितले. तिने सतरंजीचे टोक हातातून सोडले नाही.

“तूने कहा कि तू मैं है?”

“मुँह से निकल गया, दीदी.”

“निकल गया. और गुरुवार? वो भी निकल गया? मेरी तरफ़ से हाँ भी तू ही बोल आई?” तिने सतरंजीला एक झटका दिला. “और जलेबी खाती रही बैठ के.”

माझ्याकडे पाठ करून ती सतरंजीची घडी घालू लागली. मग न वळता विचारले, “क्या-क्या पूछा था?” मी सांगितले. “तूने क्या बताया?” मी वर्तुळाचे सांगितले. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण आणखीही काही होते, जे मला तेव्हा वाचता आले नाही. “इतना सब मैं अंग्रेज़ी में कभी नहीं बोल पाती,” ती म्हणाली. “वो लोग तेरे को बुला रहे हैं, मेरे को नहीं.” आणि खाली निघून गेली. त्या संध्याकाळी ती आली नाही. त्यांच्या घरातून बोलण्याचा आवाजही आला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहा वाजता सरोजदीदी आमच्या दारात उभी राहिली. इस्त्रीची साडी, हातात शाळेच्या जाहिरातीचे कात्रण. “काकाजी,” ती बाबांना म्हणाली, “एक ट्रंक बुक कर दीजिए. स्कूल में बात करनी है.” माझ्याकडे तिने पाहिले नाही. बाबांनी एक्स्चेंजला नंबर सांगितला आणि म्हणाले, लागेल तेव्हा लागेल, बैठो. ट्रंक कॉल बुक करून वाट पाहण्याचे ते तास आताच्या पिढीला समजावून सांगणे कठीण आहे. जागचे हलता येत नसे, कारण घंटी कोणत्याही क्षणी वाजणार. आणि ती वाजत नसे. आईने परात मध्ये आणून ठेवली. आम्ही तिघी शेंगा सोलत बसलो. बाबा वर्तमानपत्र उघडून बसले होते. मला कळून चुकले होते, की सरोजदीदी बोलेल तेव्हा ते याच खोलीत असतील. म्हणून मीच सांगितले. मराठीत, परातीकडे पाहत, जमेल तितक्या थोड्या शब्दांत. ती नापास मुलगी कोण, एवढे मात्र गाळले.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ओरडले असते तर बरे झाले असते. “लायनीवर दुसऱ्याचं नाव घेतलंस,” ते म्हणाले. त्यांना जणू अर्थ लागत नव्हता. “मी शिकवलेल्या वाक्यानं.” आई म्हणाली, “अहो, पोर घाबरली असंन.” बाबा म्हणाले, “घाबरली असती तर गप्प बसली असती.” ते इतके खरे होते, की मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आज ती स्वतः बोलेल. आणि तुला विचारलं, तर तू.”

घंटी पाऊण वाजता वाजली. सरोजदीदी उठली तेव्हा तिच्या मांडीवरचे दाणे खोलीभर घरंगळले. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. बोलली ते इंग्रजी मला शब्दशः आठवते. “मॅडम, आय ॲम सरोज दुबे. दॅट डे इट वॉज नॉट मी. इट वॉज माय नेबर. माय इंग्लिश इज लाइक धिस ओन्ली.” बाबांच्या भुवया त्या ‘नॉट मी’पाशी सवयीने किंचित हलल्या आणि लगेच स्थिर झाल्या. मग बराच वेळ ती नुसतेच ‘येस मॅडम’, ‘नो मॅडम’ म्हणत राहिली. तिचा कान लाल झाला होता. शेवटी तिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “तुझसे बात करेंगी.”

तोच आवाज. पण आता त्यात कसलाही सैलपणा नव्हता. त्यांनी विचारले, आता कोण बोलते आहे. मी माझे नाव सांगितले. सगळी भीती परत आली होती. त्या म्हणाल्या, मिस दुबेंनी खरे सांगितले हे बरे केले. पण मला एक कळायला हवे. ती भूमितीत नापास झालेली मुलगी, जिच्यासाठी गच्चीवर वर्तुळ काढले, तीही तुम्ही रचलेलीच होती का? कारण तशी मुलगी नसेल, तर माझ्यासमोर एका अर्जाशिवाय काहीच नाही. खरोखर अशी कुणी मुलगी होती का, आणि असेल तर ती कोण?

बाबा माझ्यापासून तीन हातांवर बसले होते. ज्या बाबांनी गेली चार वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले होते, की आमची विजू कधी नापास झाली नाही. सरोजदीदी भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होती. त्या सकाळी पहिल्यांदाच. मी नेहमीप्रमाणे वाक्य बांधायला घेतले, ‘आय’ आणि ‘मी’ ही दोन्ही इंग्रजी सर्वनामे जिभेपाशी आली, आणि त्यांतले कोणते बाहेर पडले ते मला आज आठवत नाही. तेव्हाही कळले नव्हते. मी सांगितले, की ती मुलगी मी.

मध्येच ऑपरेटर बोलली, “टाइम हो गया, बढ़ाऊँ?” मी बाबांकडे पाहिले. ऑपरेटर काय विचारते आहे हे त्यांना ऐकू येण्याची गरजच नव्हती. ते म्हणाले, “बढ़ाओ म्हण. बोल पूर्ण.”

मग मी बोलले; अडखळत, माझ्या नेहमीच्या, लंगडत्या इंग्रजीत. सांगितले की मध्यावर उभी होते तेव्हा मान किती वळली आणि काठावर किती. सांगितले की तिने मला उत्तर कधी दिले नाही, फक्त जागा बदलून उभे केले. मुख्याध्यापिका सगळे ऐकून म्हणाल्या, की गुरुवारी तिला पाठवा. नेमणूक मी दिलेली नाही. ती माझ्यासमोर एक वर्ग शिकवेल, मग पाहू.

मी रिसीव्हर ठेवला. आई गुडघ्यांवर बसून दाणे गोळा करत होती. बाबांनी विचारले, “किती?”

“अकरा.”

“पन्नासपैकी?”

“शंभरपैकी, बाबा.”

“फिर वार्षिक में अड़सठ आए थे, काकाजी,” सरोजदीदी भिंतीपासून घाईघाईने म्हणाली.

“शंभरपैकी अकरा,” बाबा स्वतःशीच म्हणाले, आणि आईकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“मले कोण सांगते इथं काही,” आई पलंगाखाली हात घालत म्हणाली. “सारे तुमच्या त्या डब्याशी बोलतात.”

बुधवारी बाबा स्वतः सरोजदीदीला गाडीत बसवून आले. येऊन म्हणाले, “गाडी वेळेवर सुटली,” आणि त्याव्यतिरिक्त काही नाही. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. मंगळवारी होऊन गेलेल्या संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला दुबेंच्या मातोश्री आल्या आणि तो हातात घेताना दाराआडच्या तिपाईकडेच पाहत राहिल्या. सागरच्या मंडळींचा निरोप आला होता, त्याला भावाने अजून उत्तर धाडले नव्हते. मी कॉलेजातून धावत घरी येई आणि रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते ऐके.

सोमवारी दुपारी ट्रंकची घंटी वाजली. मी उचलला. खूप गोंगाट होता; घंटा, बाकांची सरकासरक, पुष्कळशा मुलींचे आवाज.

“विजू? मैं,” सरोजदीदी म्हणाली.

मी विचारायला तोंड उघडले, तेवढ्यात तिने तळहात फोनवर ठेवून मागे कुणाला तरी दटावलेले ऐकू आले. मग ती घाईघाईने बोलली. “अम्मा को बता दे. अभी रखती हूँ, मेरा पीरियड है.”